इंपीरियल गॅलिक, मुक्काम पोस्ट मुरुड

मुरुड दोन आहेत. एक समुद्राकाठचं, जंजिऱ्याचं. ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. दुसरं आमचं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. इथं समुद्र नाही, किल्ला नाही, आणि पाऊसही दरसाल येईलच असं नाही. शस्त्रांचं वेड लागायचंच होतं तर ते पहिल्या मुरुडातल्या माणसाला लागायचं. तोफा तरी समोर होत्या. लागलं ते आमच्या रोमन अण्णांना, ज्यांचं बाजारपेठेत पिढीजात कापडाचं दुकान आहे. त्यांच्या पुस्तकांची पार्सलंसुद्धा अधूनमधून चुकून जंजिऱ्याची खारी हवा खाऊन येतात.

असा एक जण बहुतेक गावांत असतो. कुणी रणगाड्यांचा जाणकार, कुणी जपानी तलवारींचा. विषय जितका लांबचा, तितका अधिकार पक्का, हे या मंडळींना फार लवकर उमगलेलं असतं. भाऊसाहेब पेशव्यांनी १७६० साली निजामाला नमवलं ते उदगीर आमच्याच जिल्ह्यात. पण उदगीरबद्दल तोंड उघडावं, तर ऐकणाऱ्याची मावशी नेमकी तिथलीच निघते. रोमन शिरस्त्राणावर मुरुडात अण्णांना आडवं जाणार कोण?

अण्णांच्या गादीमागं दोन कपाटं आहेत. एकात ब्लाऊजपीस, दुसऱ्यात रोम. रोमच्या कपाटात सगळ्यांत वर, साडीच्या पारदर्शक पिशवीत, रसेल रॉबिन्सन यांचं १९७५ सालचं ‘द आर्मर ऑफ इंपीरियल रोम’. हे गृहस्थ लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागारात नोकरीला होते. त्यांनी सापडलेल्या शिरस्त्राणांची घराणी लावली आणि प्रत्येकाला अक्षर दिलं: इंपीरियल गॅलिक ए, बी, सी, इंपीरियल इटॅलिक ए, बी, सी. जगभरचे हौशी लोक अजून याच अक्षरांवरून एकमेकांशी अबोला धरतात. जर्मन पंडितांची नावं निराळी, वस्तू सापडली त्या गावावरून ठेवलेली, वाइझेनाऊ वगैरे. अण्णा कट्टर रॉबिन्सनवाले. त्याखालच्या कप्प्यात बिशप आणि कूल्स्टन या जोडीचा १९९३चा ग्रंथ, स्वतःच चित्रं काढणाऱ्या पीटर कॉनॉलीचं ‘ग्रीस अँड रोम ॲट वॉर’, आणि मुंबईला माल भरायला गेले की फोर्टातल्या फुटपाथवरून आणलेली ऑस्प्रेची पातळ, रंगीत पुस्तकं. मुंबईहून येताना कापड कमी आणि रोम जास्त आलं, तर घरात दोन दिवस भाजीला मीठ कमी पडतं.

अण्णा शिकवतात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. धोतरजोडी घ्यायला आलेला म्हातारा टेकला की अण्णा हळूच त्याचा पटका उतरवून बाजूला ठेवतात आणि बोटानं दाखवायला लागतात. “इथं कपाळावर आडवी लोखंडी पट्टी. वरून वार आला की इथंच अडला. मागं मानेवर हा असा रुंद पत्रा. दोन गालांना दोन पट्ट्या, बिजागरीच्या. पण कान मोकळे. कामून?”

“हवा लागायला,” म्हातारा म्हणतो.

“हुकूम ऐकू यायला! रोमन फौज हुकमावर चालायची.”

एकदा अशाच एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मालक, पाऊस आला तर त्या मागच्या पत्र्याचं पाणी पाठीत उतरायचं का भाईर?” अण्णा गप्पच झाले. मग उठून तिन्ही ग्रंथ गादीवर काढले. उत्तर सापडेपर्यंत म्हातारा समोरच्या दुकानातून धोतर घेऊन गेला होता.

वाचून वाचून एक दिवस अण्णांना वाटलं, आता वस्तू हातात पाहिजे. ते रॉबिन्सनला काखेत मारून धान्याच्या कोठ्या करणाऱ्या पत्रेवाल्याकडं गेले. पत्रेवाल्यानं फोटो उलटासुलटा करून बघितला, झाकण कुठं बसतं ते विचारलं, आणि म्हणाला, “हे आमचं काम न्हाई अण्णा. पत्रा वळतो, पत्रा फुगत न्हाई. हे भांडं ठोकल्यावानी ठोकून काढल्यालं हाय.” रोमन कारागीर शिरस्त्राणाची कवटी ठोकून घडवत, हे अण्णांनी इंग्रजीत अनेकदा वाचलं होतं, पटलं त्या दिवशी. शेवटी तडजोड म्हणून घरातलं एक पितळी पातेलं उपडं करून त्याला मानेचा पत्रा आणि गालपट्ट्या रिबिटांनी ठोकल्या. पातेलं अण्णांच्या सासुरवाडीचं, रुखवतातलं होतं, हे पत्रेवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णींनाही नव्हतं.

ते शिरस्त्राण सध्या दुकानात दिसत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत गल्लीतल्या पोरांनी ते मागून नेलं आणि अफजलखानाच्या सरदाराला घातलं. अण्णा भर चौकात मिरवणूक अडवून उभे. “अरे, रोमचं राज्य बुडून बाराशे वर्षं होत आली होती तेव्हा!” सरदार झालेलं पोरगं मिश्या सावरत म्हणालं, “खानाला जुन्या बाजारात मिळालं असंल, अण्णा.” यावर अण्णांजवळ उत्तर नव्हतं. त्यांची निम्मी लायब्ररी जुन्या बाजारातलीच आहे.

सिनेमा त्यांच्याबरोबर बघू नये. ‘ग्लॅडिएटर’ लागला तेव्हा हौसेनं चौघांची तिकिटं काढली, आणि पहिल्याच लढाईत अंधारात उठून ओरडले, “रिकीब! घोड्याला रिकीब!” रोमनांकडं रिकिबी नव्हत्या, हे थिएटरात त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला जाणूनही घ्यायचं नव्हतं. घरी इ.स. ९ सालचा विषय काढायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. त्या साली जर्मनीच्या जंगलात वारस नावाच्या सेनापतीनं रोमच्या तीन पलटणी घालवल्या. आपल्याकडं पानिपताचं दुःख माणूस वारसाहक्कानं करतो. अण्णांनी हे दुसरं दुःख विकत आणलंय. दुचाकीवर ते स्वतः हेल्मेट घालत नाहीत, हा विनोद गावात प्रत्येकाचा एकेकदा करून झालाय. त्यांचं म्हणणं एकच: “मागं मानेला काहीच नाही त्यात. घालून उपयोग?”

त्याच बोडक्या डोक्यानं अण्णा ढोकीवरून तेरला जातात. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, तेरणेच्या काठचं. आणि तेर म्हणजेच तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण लिहिलं. त्यात आहे की भडोचहून दक्षिणेला वीस दिवस गेलं की पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथला माल गाड्यांत घालून, धड वाट नसलेल्या मुलखातून बंदरावर यायचा आणि तिथून रोमला. आता हे वाचल्यावर अण्णांना झोप कशी लागावी? रोम मुरुडपासून गाडीला एक किक मारण्याच्या अंतरावर आलं की!

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ते तासन् तास फिरतात. तिथं मणी आहेत, मातीच्या मूर्ती आहेत. हस्तिदंताची एक बाई आहे, तिच्यासारखीच दुसरी १९३८ साली थेट पाँपेईच्या राखेतून निघाली. भलेभले अभ्यासक त्या बाईपुढं हात जोडतात. अण्णा तिच्याकडं बघून म्हणतात, “डोक्यावर काही नाही.” कोल्हापूरलाही ते जाऊन आले, तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन ब्राँझची मूर्ती निघाली. तिच्या हातातला त्रिशूळ मात्र गेलेला. “बघा,” अण्णा आम्हाला सांगत होते, “नेमकं हत्यार तेवढंच गेलंय.”

तरी त्यांनी आशा सोडलेली नाही. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की हिंदुस्थानला येणाऱ्या जहाजांवर चाच्यांच्या भीतीनं तिरंदाजांच्या तुकड्या ठेवत. अण्णांचा सिद्धांत या एका वाक्यावर उभा आहे: एखादा तिरंदाज भडोचला उतरला असेल, बंदरावर कंटाळला असेल, आणि गाड्यांबरोबर तगरला आला असेल. टोपासकट.

हा सिद्धांत परवा दुकानात चालला होता तेव्हा त्यांचा मुलगा गादीवर बसून ‘पेरिप्लस’चं तेच पान वाचत होता. त्यानं विचारलं, “अण्णा, तगरहून नेमका कोणता माल जायचा, ते तुम्ही कधीच सांगितलं नाही.”

“असेल काहीतरी. कापड.”

“जाडंभरडं कापड, अन् नाना तऱ्हेची मलमल. अण्णा, हे तर आपलंच दुकान हाय की. तुम्ही लढाई धुंडायलाव, अन् रोमवाले आपले गिऱ्हाईक होते. तुमचा प्लिनीच रडतो, हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो मनून. ती लूट नव्हं, उधारी चुकती केली त्यांनी.”

अण्णांचा चेहरा पडला. दोन हजार वर्षं मागं जाऊन पाहावं, तर तिथंही मीटरपट्टी. त्यांनी रॉबिन्सन पिशवीत घातला. पोराला दया आली असावी. तो म्हणाला, “पण अण्णा, तुमचा तो तिरंदाज खरंच आला असंल, तर कापडाच्या दुकानात आलाच असंल. तगरला येऊन कापड न घेता कोण परत जाईल?”

अण्णा हळूच म्हणाले, “हाव. अंगरखा बेतायला.”

“मग माप द्यायला बसला असंल.”

“माप देताना टोप काढावा लागतो,” अण्णा उठून उभे राहिले. “गालपट्ट्या खांद्याला आडव्या येतात.” ते दारापर्यंत गेले, परत आले. “आणि गिऱ्हाईक! चाळीस वर्षं बघतोय मी गिऱ्हाईक. छत्री विसरतं, पिशवी विसरतं, एकदा तर एक जण नातू विसरून गेला होता.” त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली ओढली. “तो टोप तेरलाच आहे रे! दुकान कुठल्या आळीत होतं तेवढं कळायला पाहिजे.”