खांदा

माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण १ ते १.५ लिटर लाळ तयार होते. झोपेत ती खरं तर बरीच कमी होते, असं शास्त्र सांगतं. शास्त्राने माझ्या शेजारी बसून कधी प्रवास केलेला नाही.

पंचवटी एक्स्प्रेस १९७५ साली सुरू झाली, तेव्हापासून नाशिकची नोकरदार मंडळी तिने मुंबईला जाऊन-येऊन करतात. पासवाल्यांच्या डब्यात कोणाची खिडकी कुठली, कोणाची पिशवी कोणत्या हुकाला, पेपर आधी कोण वाचणार, सगळं ठरलेलं. त्या दिवशी एक जागा रिकामी दिसली आणि मी पाहुणा तिथे टेकलो. शेजारी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक काका. मी मनात म्हटलं, आपण ताठ बसायचं. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांची मला पहिल्यापासून किळस.

देवळालीपर्यंत ताठ होतो.

पुढचं मला ठाऊक नाही. झोपेत गिळणं मंदावतं, मान कलंडली की ओठ सुटतात आणि बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. त्यात इगतपुरीला कोणीतरी ‘गरम वडाऽऽ’ ओरडत गेला असणार. पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल मिळवलेल्या पावलोव्हने कुत्र्यांची लाळ थेंबाथेंबाने मोजली होती. माझ्यासाठी त्याला बादली लागली असती.

कसाऱ्याचा घाट उतरून कल्याण आलं तेव्हा जाग आली. गाल काकांच्या खांद्यावर आणि खांद्यापासून खिशापर्यंत गोदावरी. समोरच्या बाकावरच्या बाई माझ्याकडे लाळेरं विसरलेल्या बाळाकडे बघावं तसं बघत होत्या.

“एसीचं पाणी गळतंय वाटतं,” मी वर बघत म्हणालो. अख्ख्या डब्याने वर बघितलं. छत ठणठणीत कोरडं. सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

काकांनी शांतपणे बॅगेतून दुसरा इस्त्रीचा शर्ट काढला.

“तुम्ही शर्ट बरोबर ठेवता?” मी चाचरत विचारलं.

“ठेवावाच लागतो. पण उद्या इथे बसू नका हं,” ते म्हणाले. “हा खांदा आमच्या बँकेतल्या कुलकर्णींचा आहे. आज ते रजेवर आहेत, म्हणून तुम्हाला मिळाला.”