कॉन्फिगरेशनराव

आपल्याकडे कोणी नवी वस्तू घरात आणली, की पाहुणा ती नीट बघायच्या आधीच विचारतो, ‘केवढ्याला पडली?’ आकडा ऐकला की तो थोडा वेळ गप्प बसतो, ओठ पुढे काढतो आणि म्हणतो, ‘महाग पडली.’ मग त्याच्या साडूच्या ओळखीतलं एक दुकान निघतं आणि हीच वस्तू तिथे दोन हजारांनी स्वस्त मिळाली असती असं कळतं. ‘आधी बोलला असतात तर!’ या चार शब्दांनी आजवर कित्येक फ्रिज, सोफे आणि दिवाळ्या नासवल्या आहेत. कॉन्फिगरेशनराव भुताला भीत नाहीत, साहेबाला भीत नाहीत, या चार शब्दांना मात्र भितात. म्हणून सप्टेंबर २०२० पासून त्यांचा गेमिंग कॉम्प्युटर ‘या महिन्यात नक्की’ येतो आहे.

नाव अर्थात सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. तुमच्याही सोसायटीत असा एक असणारच. आमचे डोंबिवलीत असतात. चाळिशीला टेकलेले, आयटीत नोकरी, दिवसभर कंपनीच्या लॅपटॉपवर काम आणि रात्री त्याच लॅपटॉपवर ‘तयार घ्यावा की असेम्बल करावा’ या विषयाचा अभ्यास. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल येऊन पडलं आहे, कारण टेबलात तंत्रज्ञान बदलत नाही. सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. सायबरपंक २०७७ हा गेम कोणत्या कार्डावर किती फ्रेम देतो हे राव झोपेतून उठवलं तरी सांगतील. स्वतः खेळतात फक्त सुडोकू, तोही फोनवर आणि तोही लोकलमध्ये बसायला मिळालं तर.

त्यांना कोणी सरळ म्हणालं, ‘अहो, तयार घेऊन टाका ना,’ तर राव कळवळतात. ‘तयार? आत वीज पुरवणारा एसएमपीएस कुठला टाकलाय हे माहीत आहे का तुम्हाला? जाहिरातीत प्रोसेसर ठळक, ग्राफिक्स कार्ड ठळक, एसएमपीएसचं नाव शोधून सापडत नाही. सगळी काटकसर तिथे केलेली असते. रॅमची पट्टी एकच घालतात. अरे, दोन घातल्या की मेमरीचा रस्ता दुहेरी होतो, वेग वाढतो, पण यांना काय त्याचं! आणि मोठ्या ब्रँडचा मदरबोर्ड म्हणजे त्यांच्याच मापाचा. उद्या बदलायचा म्हटलं तर कॅबिनेटसकट फेकायचा.’ समोरचा घाबरून म्हणतो, ‘मग असेम्बल करा.’ राव तितक्याच तळमळीने उलट फिरतात. ‘आणि स्क्रीन काळी झाली की? आठ वस्तू, आठ बिलं, आठ सर्व्हिस सेंटरं. रॅमवाला म्हणणार मदरबोर्ड बघा, मदरबोर्डवाला म्हणणार प्रोसेसर बघा. एएम५ सॉकेटला १७१८ पिना असतात, त्यातली एक वाकली की वॉरंटी संपली. तयारवाल्यांचा माणूस घरी येतो, चहा घेतो, काम करून जातो.’ दोन्ही भाषणं शब्दशः खरी आहेत. एखादा चतुर माणूस मधली वाट सुचवतो : सुटे भाग तुम्ही निवडा, जोडून दुकानदार देईल, बहुतेक ठिकाणी तो जोडणीचे पैसेही घेत नाही. त्यावर राव फक्त खिन्न हसतात. ‘थर्मल पेस्ट कशी थापतात ते बघितलंय का कधी?’

घराण्यात हा प्रश्न नवा नाही. १९९९ साली रावांच्या वडिलांना, म्हणजे नानांना, तो पडला होता. तेव्हा त्याचं रूप ‘ब्रँडेड की असेम्बल्ड’ असं होतं. एचसीएल, झेनिथ, कॉम्पॅक यांची कोटेशनं नानांनी फाइलला लावली, कचेरीत चार जणांना दाखवली आणि शेवटी असेम्बल्ड घेतला, कारण त्या काळी प्रत्येक घराच्या ओळखीत कॉम्प्युटर जोडून देणारा एक हुशार मुलगा असे. सेलेरॉन, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८, वर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर. पुढे तो मुलगा अमेरिकेला गेला आणि वॉरंटीही त्याच्याबरोबर गेली. नाना अजून जेवताना मध्येच थांबून म्हणतात, ‘झेनिथ घ्यायला हवा होता.’ असल्या वाक्यावर वाढलेल्या मुलाने पटकन खरेदी करावी, ही अपेक्षाच चूक आहे.

आता रावांच्या थांबण्याचा इतिहास. लोक त्यांना चालढकल्या म्हणतात, ते मला पटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलरला जाहीर केलं आणि घरी बसून काम करणाऱ्या रावांच्या मनाने घेतलं. कार्ड जाहीर झालं, पण दुकानात दिसेना. जे दिसलं ते इथरियम हे आभासी चलन खोदणाऱ्यांनी उचललं आणि उरलेल्याला दुकानदार दुप्पट भाव सांगू लागले. राव म्हणाले, थांबू. १५ सप्टेंबर २०२२ला इथरियमने कार्डांवरचं खोदकाम कायमचं बंद केलं, भाव उतरले. राव बरोबर ठरले. पण त्याच महिन्यात एएमडीने एएम५ हे नवं सॉकेट आणलं आणि त्याला जुनी डीडीआर४ रॅम चालेना. जुन्यात पैसे घालायचे की नव्याच्या पहिल्या वर्षाला गिनिपिग व्हायचं? थांबू. ऑक्टोबरात एनव्हिडियाचं ४०९० आलं आणि काहींच्या घरी त्याचा विजेचा कनेक्टर वितळल्याच्या बातम्या झळकल्या. ते एक कार्ड रावांच्या अख्ख्या कॉम्प्युटरच्या बजेटपेक्षा महाग होतं, तरी धसका रावांनी घेतला. २०२३ मध्ये बजेटातलं ४०६० आलं, तर त्यात मेमरी आठ जीबी. आधीच्या पिढीतल्या ३०६०ला बारा मिळत होती. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर चालता चालता अस्थिर होतात असं उघड झालं आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. राव तेव्हा त्याच पिढीतला प्रोसेसर घ्यायच्या अगदी बेतात होते, निदान ते तसं सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर येणार म्हटल्यावर ते त्यासाठीही थांबले. त्यांच्या यादीतला मॉनिटर २७ इंची आहे. त्यावर १८ टक्केच होता.

पाच वर्षांत राव एकदाही चुकले नाहीत. न घेणाऱ्याचं हे सुख असतं.

या सगळ्याची नोंद एक्सेलमध्ये आहे. भाग, कंपनी, भाव, तारीख असे रकाने आहेत आणि शेवटचा रकाना ‘का नको’. तो सगळ्यांत रुंद आहे.

राव महिन्याच्या एखाद्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातात. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. डोंबिवलीहून फास्ट, दादरला उतरून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेच्या बाजूने बाहेर. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण पत्ता विचारताना ते नाव अजून कोणाच्या तोंडी बसलेलं नाही. तिथले दुकानदार रावांना बघून कंटाळत असतील असं मला वाटायचं. एकदा बरोबर गेलो तेव्हा उलटंच दिसलं. राव काउंटरशी उभे राहिले आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने दुकानातल्या पोराला काहीतरी विचारलं. पोराने नुसती मान रावांकडे वळवली. पुढचा अर्धा तास राव बोलत होते : बॉक्स पीस आणि ट्रे पीस यांतला फरक, एसएमपीएसवरच्या ब्रॉन्झ आणि गोल्डचा अर्थ, पक्कं बिल का सोडू नये. गिऱ्हाईक सामान घेऊन गेलं, नंतर आणखी एक आलं, तेही घेऊन गेलं. रावांना कटिंग मिळाला. निघताना शेठ आदराने म्हणाला, ‘साब, अगले शनिवार को आना, स्टॉक आ रहा है.’ राव खूश. स्टॉक विकायला माणूस हवा होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही.

दुसऱ्याच्या पैशाचा प्रश्न असला की राव वेगळेच होतात. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला बारावीनंतर कॉम्प्युटर घ्यायचा ठरला, तेव्हा यादी त्यांनी एका संध्याकाळी करून दिली आणि ती यादी उत्तम होती. जोडणीही त्यांनीच अंगावर घेतली. जुलै महिना. स्थिर विजेने चिप जळू नये म्हणून त्यांनी पंखा बंद करायला लावला, घरातल्या बायकांना सिंथेटिक साड्यांनिशी स्वयंपाकघरात धाडलं आणि दर दोन मिनिटांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली. डोंबिवलीच्या जुलैत, भिंतींना ओल सुटलेली असताना, स्थिर वीज कुठून टिकणार? पण शास्त्र म्हणजे शास्त्र. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच, रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मदरबोर्ड स्क्रूने पक्का बसल्यावर मागची आयओ शील्डची पट्टी खोक्यातच राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून सगळं पुन्हा उघडलं. रात्री दहाला बटण दाबलं. पंखे फिरले, सप्तरंगी दिवे लागले, मॉनिटर मात्र काळा. राव घामाने निथळत एकेक भाग काढू लागले. मुलगा रडवेला झाला. त्याचे वडील आठ बिलं एकत्र करू लागले. तेवढ्यात दाराशी बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘अरे बाबा, ती वायर तू वर खुपसलीयस. तिथे खाली तसलीच आणखी भोकं दिसतायत की. तिथे लावून बघ.’ मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली होती आणि प्रोसेसर ‘एफ’ प्रकारातला, म्हणजे ज्याला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही असा. आजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी भोकं मोजली होती.

मशीन आजही उत्तम चालतं. सोसायटीत अशी बरीच मशीनं रावांच्या यादीवर उभी आहेत.

आणि मग २०२५ची दिवाळी आली. भाऊबीजेला रावांचा मेहुणा ओवाळून घ्यायला आला आणि तबकात पाकीट टाकता टाकता म्हणाला, पाडव्याला कॉम्प्युटर घेतला. मोबाइलवर फोटो दाखवला.

‘कोणता?’ राव.

‘काळा. आत दिवे आहेत.’

‘प्रोसेसर?’

‘आहे की.’

‘रॅमच्या पट्ट्या एक की दोन?’

‘भाऊजी, उघडून कोण बघतं? दुकानात लावलेला होता, चालू होता, म्हटलं हाच द्या.’

राव थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी ओठ पुढे काढले. ज्या प्रश्नाच्या भीतीने हा माणूस पाच वर्षं जागचा हलला नाही, तोच प्रश्न त्याने विचारला : ‘केवढ्याला पडला?’

‘तेवढं बघितलं नाही,’ मेहुणा म्हणाला. ‘महिन्याला हप्ता जातो.’

किंमतच माहीत नसलेल्या माणसाला महाग पडलं असं कसं सांगायचं? रावांच्या शस्त्रागारात यावर काही नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरात हसत होत्या, तो आवाज बाहेर येत होता.

पुढच्या काही आठवड्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा एवढा साठा उचलला की साध्या गिऱ्हाइकाच्या रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. मेहुण्याने नेमकं भाव भडकायच्या तोंडावर घेतलं होतं. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. रावांच्या यादीत २०२० पासून एकच ओळ न बदलता टिकली होती, ती क्रुशियलच्या रॅमची. त्या रात्री ते जेवले नाहीत.

हा सगळा खटाटोप ज्या गेमसाठी चालला आहे, तो म्हणजे जीटीए ६. २०२५च्या नोव्हेंबरात त्याची नवी तारीख जाहीर झाली, १९ नोव्हेंबर २०२६, आणि तीही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस यांच्यासाठी. कॉम्प्युटरचं नाव त्या घोषणेत नव्हतं. रावांना मी हे भीतभीत सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तजेला आला. ‘मग घाई कशाला?’ ते म्हणाले आणि एक्सेलमध्ये प्लेस्टेशनसाठी नवं पान उघडलं. डिस्कवाला घ्यावा की बिनडिस्कचा, यावर पहिला रकाना भरतो आहे.

तुम्हाला खरोखरच गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा असेल, तर यादी रावांसारख्याच कोणाकडून घ्या. दुकानदार देणार नाही इतकी प्रामाणिक आणि फुकट मिळेल. जोडणी दुकानातच करून घ्या, आठही बिलं पक्की मागा आणि यादीतला एसएमपीएस स्वस्ताशी बदलू देऊ नका. यादी रविवारी मागा आणि सोमवारी एकटे जा.