मगर, मर्द आणि मॉरिस टी-पॉइंट

१९८८ साली आमच्या भागाला दोन मोठ्या गोष्टी लाभल्या. फेब्रुवारीत ‘शहेनशाह’ पडद्यावर आला आणि एप्रिलमध्ये गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पहिल्या प्रकरणात एका प्रामाणिक पोलिस अधिकाऱ्यावर लाच खाल्ल्याचा खोटा आळ येतो, तो गळफास घेतो, त्याचा मुलगा मोठा होतो, पोलिसात लागतो, दिवसा पान चघळत हप्ते खातो, रात्री एका हाताला पोलादी चिलखत चढवून हिंडतो आणि शेवटी कोर्टाच्या इमारतीतच खलनायकाच्या गळ्यात फास पडून निकाल लागतो. सगळं मिळून तीन तासांच्या आत, गाणी धरून. दुसऱ्या प्रकरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता. तो फुगून कित्येक हजार कोटींवर गेला, पण काम पूर्ण झाल्याची पाटी अजून लागायची आहे. तरीही शहाणीसुरती माणसं अतिशयोक्ती म्हणतात ती ‘शहेनशाह’ला.

त्या काळातल्या मारधाडीच्या पिक्चरना लॉजिक नसतं, ही तक्रार मी आजवर आदराने ऐकत आलो आहे. तक्रार करणारे बहुधा डिसेंबरात नागपुरात नसतात. असते तर लॉजिक कसं असतं ते त्यांना मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर उभ्याउभ्या पाहता आलं असतं. १९५३च्या नागपूर कराराला जागून विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं. त्या दिवसांत गावोगावचे मोर्चे येतात, बॅरिकेडपाशी अडवले जातात. पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, निवेदन स्वीकारलं जातं. शिष्टमंडळ बाहेर येऊन चर्चा सकारात्मक झाल्याचं सांगतं आणि मंडळी तर्री-पोहे खाऊन परतीच्या गाडीत बसतात. पुढच्या डिसेंबरात तोच मोर्चा, तेच निवेदन, वरची तारीख तेवढी नवी. यात कुणी एक चूक काढून दाखवावी. प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे. मनमोहन देसाईंच्या नायकाने मात्र निवेदन दिल्याचं मला आठवत नाही. तो काच फोडून थेट बंगल्यात शिरतो. दाराने येण्यात वेळ जातो, शिवाय दारावर पास विचारतात.

‘मर्द’ (१९८५) हा या परंपरेतला माझ्या मते सर्वांत जबाबदार चित्रपट. त्यात दारासिंग राजा आझाद सिंग असतो आणि आपला खजिना घेऊन उडू पाहणारं इंग्रजांचं विमान तो दोर टाकून अडवतो. संपत्ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून इतकी थेट कारवाई त्यानंतर कोणत्याही यंत्रणेने केल्याचं ऐकिवात नाही. पुढे हाच राजा तान्ह्या मुलाच्या छातीवर सुऱ्याने ‘मर्द’ अशी अक्षरं कोरतो आणि मूल रडत नाही. समीक्षकांनी या प्रसंगाला क्रूर म्हटलं. ज्यांनी जन्मदाखल्यातली एक वेलांटी दुरुस्त करून घ्यायला प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि तीन चकरा भोगल्या आहेत, ते म्हणणार नाहीत. छातीवरच्या नोंदीला झेरॉक्स लागत नाही, साक्षांकन लागत नाही आणि पुढे मूल हरवलं तर बटण उघडलं की काम होतं. देसाईंच्या पिक्चरमध्ये मुलं किती हरवायची हे लक्षात घेतलं, तर ही सोय दूरदृष्टीचीच म्हणायची.

मगरींविषयी बोललं पाहिजे. १९८८ हे त्यांचंही वर्ष होतं. ‘खून भरी मांग’मध्ये नवरा रेखाला मगरीच्या पाण्यात ढकलतो. ती वाचते, चेहरा बदलून घेते, मॉडेल होते आणि त्याचा हिशेब चुकता करते. त्याच वर्षी ‘गंगा जमुना सरस्वती’त अमिताभ मगरीशी नुसत्या हातांनी झुंजला. मगर ही १९७२च्या कायद्याने संरक्षित प्राणी. विदर्भातल्या माणसाला वनखातं, पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज हे शब्द बाराखडीच्या आधी येतात, त्यामुळे मला राहून राहून वाटतं की त्या तळ्यावर एखादा वनरक्षक वही घेऊन यायला हवा होता. तो आला असता तर कुस्ती थांबली असती, जबाब सुरू झाले असते आणि पिक्चर आजही चालूच असता.

हे पिक्चर पाहायचे कुठे, यालाही महत्त्व होतं. लिबर्टी, स्मृती, पंचशील, जानकी, सुदामा, अलंकार. आजही सदरमध्ये लिबर्टी चौक आणि धरमपेठेकडे अलंकार चौक सांगितला की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून माणूस सायकलने बाराच्या शोला यायचा. तिकिटाच्या खिडकीला पंजा जेमतेम जाईल एवढंच भोक. त्यात एकाच वेळी चार हात शिरायचे आणि बाहेर येताना कुणाचं तिकीट कुणाच्या मुठीत असायचं ते देवच जाणे. हाताला खरचटलेलं असायचं, पण आत कूलरचा वाळ्याचा वास असायचा. नागपूरच्या उन्हात जो स्वखुशीने एवढं करून आला, त्याला पुढे एकटा माणूस चाळीस जणांना लोळवतो हे पटवून द्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. खालच्या क्लासात नायकाच्या एंट्रीला चिल्लर उधळली जायची आणि मध्यंतरात दिवे लागले की तीच चिल्लर खुर्च्यांखालून वेचायला पोरं वाकलेली दिसायची. पैसा बाजारात फिरत राहिला पाहिजे असं अर्थशास्त्रात म्हणतात. तो मध्यंतरापर्यंत फिरून परत यायचा.

आमच्या गावाची तक्रार वेगळीच होती. पाठलागात गाडी हातगाडीला धडकणार हे ठरलेलं, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण हातगाडीवर संत्री असली की टॉकीज एकदम गप्प व्हायची. पडद्यावर नायकाच्या जिवावर बेतलेलं असायचं आणि पुढच्या रांगेतून आवाज यायचा, ‘काऊन बे, हा तर मृगाचा माल दिसते!’ मग आंबिया बहार का मृग बहार यावर तिथल्या तिथे वाद, आणि संत्रा मार्केटातला त्या आठवड्याचा भाव. तोवर खलनायक पळालेला असायचा. फळवाल्याला भरपाई मिळाली का, हे एकाही दिग्दर्शकाने दाखवलं नाही. या सगळ्या चित्रपटांतली ही एकच बाब मला पूर्ण वास्तववादी वाटत आली आहे.

वास्तववादाचा विषय निघालाच आहे, तर ‘अर्धसत्य’ (१९८३). विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन आणि आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टीच्या भूमिकेत. ओम पुरीचा फौजदार शेवटी रामा शेट्टीचा गळा आवळतो, इथवर सगळं ठीक. पण नंतर तो जाऊन स्वतःच हजर होतो! खून केल्यावर कबुली द्यायची, ही कल्पना इतकी अद्भुत होती की लोक सुन्न होऊन घरी गेले. चार वर्षांनी अमरापूरकर ‘हुकूमत’मध्ये धर्मेंद्रसमोर उभे राहिले. या खेपेला त्यांचा निकाल लागल्यावर कुणी कबुलीची भाषा केली नाही आणि लोक शिट्ट्या वाजवत बाहेर पडले. दोन्हीकडे मरणारा नट एकच, पण पहिल्याला पुरस्कार मिळाले आणि दुसऱ्याला गर्दी.

खरं आणि खोटं यातला फरक खुद्द या चित्रपटांनाही एकदाच पडला. २६ जुलै १९८२, बंगळूर, ‘कुली’चं चित्रीकरण. पुनीत इस्सरबरोबरच्या मारामारीत अमिताभला टेबलाचा कोपरा पोटात लागला आणि पुढे तो मरणाच्या दारातून परतला. चित्रपटात त्या जागी देसाईंनी चित्र थिजवलं आणि दुखापत इथेच झाली अशी पाटी दाखवली. अख्ख्या दशकात पडलेल्या असंख्य ठोशांमधला हा खरा ठोसा, आणि तो कळावा म्हणून पाटी लावावी लागली. बाकीचे खोटे ठोसे सर्वांत मागे बसलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही पाटीवाचून कळत होते. पटकथेत तर नायक शेवटी मरणारच होता. पण देशभर लोकांनी नवस बोलले, नट वाचला आणि देसाईंनी शेवट बदलून नायकालाही जगवलं. जनतेची मागणी होती, ती मान्य झाली आणि अंमलबजावणीही झाली. यासाठी समिती नेमली नव्हती.

मराठीनेही आपला वाटा उचलला, महेश कोठारेंच्या रूपाने. ‘दे दणादण’मध्ये (१९८७) लक्ष्मीकांत बेर्डेच्या हवालदाराला मारुतीरायाच्या कृपेने अफाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. पुण्या-मुंबईकडे यात नाट्य आहे. नागपुरात चौकातला लाल दिवा कुणाला दिसतच नाही, त्यामुळे आमची शक्ती कधी गेलीच नाही.

आता हे सगळं संपलं म्हणून हळहळणारे भेटतात. बऱ्याच टॉकीजना कुलपं लागली, मल्टिप्लेक्समध्ये मक्याच्या लाह्यांना जेवणाच्या थाळीचा भाव आला आणि आजचा नायक ठोसा मारायच्या आधी आपलं बालपण सांगत बसतो. पण हळहळून काय होणार? माझी एक साधी सूचना आहे. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव झाला की कामकाज बहुधा तहकूब होतं, दुपार मोकळीच असते. त्या दुपारी दोन्ही सभागृहांना एकत्र ‘मर्द’ दाखवावा. शिष्टमंडळांना बाल्कनी द्यावी, मंत्र्यांना खालचा क्लास, म्हणजे चिल्लर वेचायची संधी योग्य माणसांना मिळेल. शिट्टीला परवानगी असावी, निवेदनाला नसावी. विमान अडवायचा प्रसंग सदस्यांना आवडला, तर पुरवणी मागण्यांत दोराची तरतूद करता येईल. फक्त त्याची निविदा काढू नये. दोर मंजूर होऊन येईपर्यंत विमान लंडनला पोचून रिकामंही झालेलं असेल.