मृतसाठा

साठा म्हणजे काय, हे लातूरकराला कुणी शिकवू नये. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आलेलं गाव आहे हे. मांजरा धरणात आज किती दलघमी पाणी आहे, त्यातलं जिवंत किती, मृत किती, हे इथं पानटपरीवर दशांशासकट सांगतात. पण हाच माणूस सर्व्हरसमोर बसला की कोकणात राहिल्यासारखा वागतो.

लातूर आणि नांदेड, दोन्हीकडचे सर्व्हर मी सांभाळतो. लातुरातले बहुतेक क्लासवाल्यांचे. फोन ठरलेला: "सर, लेक्चर अपलोड होईना गेलंय. डिस्क फुल म्हणायलंय."

"मग काहीतरी डिलीट करा की."

यावर पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येतो.

लातूर पॅटर्नमध्ये डिलीट करण्यासारखं काही नसतंच. एका क्लासात फिजिक्सचे सर शिकवून निघून गेले, कॅमेरा चालूच राहिला. रिकामा फळा, दोन जीबी. उडवू का म्हटलं, तर "नका ओ, त्या बॅचची चार पोरं एमबीबीएसला लागलीत." 'अति महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरात संचालकांच्या मेहुण्याचं लग्न निघालं, तेही दोनदा. सगळ्यात लठ्ठ फोल्डर सीसीटीव्हीचा. एक कॅमेरा चोवीस तास गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे. होस्टेलची पोरं व्हॉल्व्ह उघडतात, पुरावा नको? डिस्कवरची टाकी भरून वाहत होती, गच्चीवरची कोरडी.

एकदा तिथल्या ऑपरेटरने धीर करून साठ जीबीची लॉग फाइल उडवली. जागा तेवढीच. लिनक्समध्ये डिलीट केल्यावर फाइलचं नाव जातं. पण ज्या प्रोग्रॅमने ती उघडून धरलीय तो सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. मी सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि साठ जीबी मोकळे झाले. संचालक तेव्हापासून मला मांत्रिक समजतात. मी फारसा विरोध करत नाही, बिल वेळेवर निघतं.

पुढे त्यांना कुठून तरी कळलं की ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम पाच टक्के जागा रूट युजरसाठी राखून ठेवते. डिस्क गच्च भरली तरी ॲडमिनला आत येऊन हातपाय हलवता यावेत, म्हणून. चार टीबीच्या डिस्कवर हे दोनशे जीबी. "म्हणजे मृतसाठाच की! मग उपसा." टंचाईत मांजऱ्याचा मृतसाठा प्यालेल्या गावाला नाही कसं म्हणणार? डिस्क नुसती व्हिडिओंची होती, म्हणून पाचाचा एक टक्का करून दिला. सिस्टिमच्या डिस्कला मात्र हात लावू दिला नाही.

नांदेडचं दुखणं निराळं. गोदावरी दारात, विष्णुपुरी धरण हाकेच्या अंतरावर. साठा संपतो हेच तिथं कुणाला मान्य नाही. "सर, निम्मी डिस्क मोकळी हाय, तरी जागा नाही म्हणायलंय!" बघतो तर आयनोड संपलेले. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, आणि ईएक्सटी४ मध्ये ते किती असणार हे फॉरमॅट करतानाच ठरतं; साधारण सोळा केबीमागे एक. इथं हजेरीचे एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर दर मेसेजमागे एक चिमुकली फाइल टाकत होतं. लाखो फायली, वजन नगण्य. सगळ्या एकदम पुसायला गेलो तर कमांडच म्हणाली, यादी फार लांब आहे. शेवटी 'फाइंड'ला कामाला लावून चहाला गेलो. परत आलो तरी पुसणं चालूच, म्हणून जेवूनही आलो.

राहिला बॅकअप. तो दुसऱ्या गावात हवा, हे १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या लातूर जिल्ह्यात पटवावं लागत नाही. संचालकांनी लगेच मान डोलावली. मी म्हटलं, नांदेडला ठेवू. मान थांबली.

"नांदेडला? आमचं महसूल आयुक्तालय न्यायला निघालेले लोक ते. आमची लेक्चरं सोडतील का?"

नांदेडवाल्यांना लातूर सुचवलं, तर ते म्हणाले, "तिथं प्यायला पाणी नाही, आमचा डेटा कुठं ठेवणार?"

दोघांचेही बॅकअप आता सोलापूरला जातात. एकाच डिस्कवर, शेजारशेजारच्या फोल्डरांत. दोघांकडूनही पूर्ण डिस्कचं भाडं येतं.