साडूंचा भूमध्य समुद्र आणि आमची वसई

मराठी माणसास किल्ला म्हटला की प्रथम स्वतःचे गुडघे आठवतात. पहाटेच्या काळोखात पायथ्याच्या गावी उतरावे, कारवीच्या रानातून धापा टाकीत वर चढावे, माथ्यावर पोहोचताच शिवछत्रपतींचा जयजयकार करून टाक्यातल्या थंडगार पाण्याने तोंड धुवावे, आणि मग पिठले-भाकरीचा समाचार घेता घेता खालच्या मुलुखाकडे, जणू त्याची सनद आपल्याच नावे निघाली आहे अशा नजरेने पाहावे, हा आमच्या दुर्गभक्तीचा परंपरागत विधी होय. ज्या किल्ल्यास चढ नाही त्याच्या कुलशीलाविषयी आमच्या मनात सूक्ष्म संशय असतो. आणि ज्याच्या थेट दरवाजापर्यंत रिक्षा जाते तो किल्ला इतिहासाने कितीही थोर असला तरी दुर्गप्रेमींच्या पंगतीत त्याचे पान उंबऱ्याबाहेरच मांडले जाते. वसईच्या किल्ल्याच्या नशिबी हेच आले आहे.

मी राहतो तुळिंजला. ‘तुळिंज कोठे आले?’ या पृच्छेस ‘नालासोपारा पूर्व’ एवढे उत्तर पुरते. परंतु ते ऐकताच समोरच्या गृहस्थाच्या मुद्रेवर सकाळच्या फलाटाचे जे चित्र उमटते, ते पुसून काढण्यासाठी मला दर वेळी दोन हजार वर्षे मागे जावे लागते. रुळांच्या पश्चिमेचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या बंदरांच्या वृत्तांतात त्याचा उल्लेख आहे, आणि या किनाऱ्यावरचा माल तांबड्या समुद्रामार्गे मिसर देशी व तेथून भूमध्य समुद्रावर रवाना होत असे. तेव्हा भूमध्य समुद्राशी आमच्या पंचक्रोशीचा व्यवहार जुना आहे. अलीकडे फक्त माल जाणे बंद होऊन पर्यटक जाऊ लागले आहेत, इतकेच. याच सोपाऱ्यात एका टेकाडास लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली ते खणले, तेव्हा तोफगोळ्यांऐवजी आत एक दगडी पेटी आणि तीत भिक्षापात्राचे तुकडे मिळाले, आणि कोटाचा बौद्ध स्तूप झाला. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या स्तूपालाच किल्ला मानले, त्या गावच्या शेजाऱ्याने किल्ल्यांविषयी अधिकारवाणीने लिहावे यात मला तरी काही गैर दिसत नाही.

हे लिहिण्याचे निमित्त आमचे साडू नाना. नानांनी सेवानिवृत्तीनंतर सपत्नीक भूमध्य समुद्राची सफर केली आणि परतल्यावर पहिल्याच रविवारी, आमच्याच दूरचित्रवाणी संचास आपला फोन जोडून, दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या चहापर्यंत ती आम्हांसही घडविली. स्पेनमधल्या आलिकांते गावी सांता बार्बारा नावाचा किल्ला आहे, तो समुद्रसपाटीपासून 166 मीटर उंचीच्या डोंगरावर आहे, आणि डोंगराच्या पोटातून वर जाण्यासाठी 1963 साली तेथे लिफ्ट बसविली आहे, असे नानांनी सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी पडद्याकडे व मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिले. दुब्रोवनिकचा 1940 मीटर लांबीचा तट त्यांनी संपूर्ण चालून काढला होता. तिकिटाच्या रकमेचे रुपयांत किती झाले हे दर बुरुजाच्या चित्रास ते नव्याने सांगत. मार्सेयजवळच्या बेटावर शातो दीफ म्हणून जो किल्ला आहे, त्यात अलेक्झांद्र द्युमाच्या कादंबरीतला कैदी एदमों दांतेस याची कोठडी दाखवितात, आणि शेजारच्या कोठडीतून त्याच्याकडे येणारे भोकही दाखवितात.

“पण नाना, तो कैदी तर काल्पनिक ना?” मी विचारले.

“हो. पण भोक खरे आहे,” नाना म्हणाले, आणि पुढचे चित्र लावले.

या वाक्याने सौभाग्यवती भारावल्या, आणि बहिणीच्या मेहुणचाराची परतफेड म्हणून पुढच्या रविवारी ‘आमचेही किल्ले’ दाखविण्याचे आश्वासन माझ्या नावे देऊन मोकळ्या झाल्या.

वसई रोड हे आमच्यानंतरचे स्थानक. तेथून पश्चिमेस बसने वसई गावातून किल्ल्यापाशी उतरता येते. नाना उतरले ते तिकिटाची खिडकी शोधू लागले. तिकीट नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. कारण प्रत्येक किल्ल्याचे तिकीट वहीत चिकटविण्याचा त्यांचा शिरस्ता होता, आणि जे फुकट दाखवितात ते मूळचे कितपत अस्सल असेल, ही शंका त्यांच्या भिवयांत स्पष्ट लिहिलेली होती. कानात लावून इतिहास ऐकण्याचे यंत्र नाही, बाणांच्या पाट्या नाहीत, थकल्यावर बसण्यास बाक नाही. ज्या खात्याच्या ताब्यात ही वास्तू आहे त्याने चार मजकुराच्या पाट्या अधिक लावल्या असत्या तर बिघडले नसते, हे मलाही कबूल आहे. पण त्यांच्या अभावी सासुरवाडीच्या मंडळीसमोर विद्वत्ता प्रकट करण्याची जी संधी लाभते, ती पाटीने बुडविली असती.

मी नानांना तटाचे कोन दाखविले. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे बुरूज बहुधा गोल; वसईचे बाणाच्या टोकासारखे कोनदार. तोफांचा मारा सुरू झाल्यावर उंच सरळ तट टिकेनात, म्हणून इटलीतल्या स्थापत्यकारांनी ही कोनाकृती रचना काढली, म्हणजे एका बुरुजाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूस दुसऱ्या बुरुजावरून टिपता यावे. माल्टा बेटावर 1566 साली व्हॅलेटा शहराचा पाया घातला गेला तो याच विद्येने, आणि त्याच शतकात पोर्तुगीज तीच विद्या गलबतात घालून वसईस घेऊन आले. पोर्तुगाल स्वतः अटलांटिकवर आहे, भूमध्य समुद्रावर नाही, हे नानांनी लगेच निदर्शनास आणून दिले. परंतु विद्या कोठून निघाली आणि कोणाच्या गलबतातून आली या दोन गोष्टी निराळ्या, आणि जे पाहण्यास नाना विमानाने गेले ते आमच्या पुढच्या स्थानकावर साडेचारशे वर्षांपूर्वीच येऊन दाखल झाले होते, हा माझा मुद्दा त्यांना खोडता आला नाही.

वसईचा इतिहास एका बाबतीत विलक्षण आहे, आणि इतिहासकारांनी तिकडे का लक्ष दिले नाही कोण जाणे. येथले व्यवहार डिसेंबरात होतात. गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांस लिहून दिली ती 23 डिसेंबर 1534 रोजी. इंग्रजांच्या जनरल गॉडर्डपुढे मराठ्यांनी किल्ला खाली केला तो डिसेंबर 1780 मध्ये. आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तहनामा करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले तो दिवस 31 डिसेंबर 1802. त्या सुमारास वसईची हवा खरोखरच अशी असते की माणसाने कशावरही सही करून टाकावी. आजही नाताळापासून वर्षअखेरीपर्यंत मुंबईची जी झुंड येथल्या किनाऱ्यावर उतरते तिने या परंपरेत खंड पडू दिलेला नाही. तहनाम्याऐवजी ती बिलावर सही करते, एवढाच फरक.

अपवाद एकच, चिमाजी अप्पांचा. त्यांनी वैशाखाच्या उन्हात काम केले. 1739 च्या मे महिन्यात मराठ्यांनी सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरले; काही सुरुंग उशिरा उडून आपलीच माणसे दगडाखाली गेली, तरी लोक भगदाडावर चढत राहिले. किल्ला येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत टाका, असे अप्पा म्हणाल्याची कथा सांगतात. नानांना भगदाडाच्या रुंदीची शंका आली, इतकी माणसे तेवढ्यातून शिरली कशी; पण नालासोपाऱ्यास गाडीत चढणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. शेवटी पोर्तुगिजांनी तह मागितला, आणि हत्यारांसह, निशाणे व नगारे घेऊन सन्मानाने निघून जाण्याची त्यांना मोकळीक मिळाली. चर्चच्या घंटा मात्र मागे राहिल्या व महाराष्ट्रभर वाटल्या गेल्या. नाशकास नारोशंकराच्या मंदिरात 1721 सालची जी घंटा लटकते ती वसईचीच मानतात.

पडक्या चर्चच्या गाभाऱ्यात एक नवरदेव आणि नववधू, लग्न अजून व्हावयाचे असता, रंगीत धुराच्या नळकांड्या हाती घेऊन छायाचित्रकाराच्या हुकुमाबरहुकूम एकमेकांकडे पाहत होती. बाहेर मुलांनी तीन काटक्यांचा यष्टिव्यूह मांडला होता. आतील फरसबंदीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांचे दगड बसविलेले आहेत, त्यांवर ढाल, शिरस्त्राण, आणि खाली झिजलेली अक्षरे. नाना वाकून एक दगड वाचू लागले. त्यांना लिपी कळत होती, भाषा कळत नव्हती. पण मार्सेयच्या कोठडीत न दिसलेले कुतूहल त्यांच्या पाठीच्या वाकण्यात दिसले. तेव्हा मी सांगितले की याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा एक मुलगा पुढे जपानात गेला, 1597 साली नागासाकीस क्रुसावर मारला गेला, आणि 1862 साली त्यास संतपद मिळाले. कादंबरीकाराला सुचणार नाही अशी ही कथा, पण तिच्यासाठी येथे कोणी भोक पाडून ठेवलेले नाही. नाना काही बोलले नाहीत. माझ्या आठवणीत हे प्रथमच घडले.

सागरी दरवाजातून बाहेर पडले की किल्लाबंदरचा कोळीवाडा. बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील सुकत होते. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दांडीवर टाकतात, तेव्हा दोर लागत नाही, खिळा लागत नाही. नानांनी रुमाल नाकास लावला आणि मांडवाखाली बसलेल्या कोळणीला विचारले, “बाई, मागची ती उंच पडकी इमारत कसली?”

“किल्ला आहे तो,” ती म्हणाली. “मुंबईवरनं येतात लोक बघायला.” आणि जाळे निवडण्यास लागली.

अर्नाळ्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिचा बहुतेक भाग पाण्यात घडला. बेटावरच्या या किल्ल्यास जाणारी होडी वाळूपासून काही अंतरावर उभी असते. तिच्यापर्यंत गुडघाभर पाण्यातून जायचे. नानांचे बूट बार्सिलोनाहून आणलेले होते. ते त्यांनी गळ्यात अडकविले, विजार मुडपली, आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणींच्या मागोमाग, एखाद्या पदच्युत व्हाइसरॉयच्या संथ गांभीर्याने, समुद्रात पाऊल टाकले. मराठ्यांनी 1737 साली पोर्तुगिजांकडून घेऊन हा किल्ला नव्याने बांधला, बाजीरावाच्या नावाचा शिलालेख दरवाजावर बसविला, आणि आत अष्टकोनी तळे आहे. तटाबाहेर गाव नांदते, तटाच्या आत भाजीचे वाफे आहेत, आणि चारी बाजूंनी खारा समुद्र असता विहिरीचे पाणी गोड लागते. एका म्हाताऱ्याने नानांना न मागता तांब्याभर पाणी दिले. नानांनी ते प्यायले, आणि सवयीने खिशातून पाकीट काढून पुन्हा आत ठेवले.

माझे मत विचाराल तर भूमध्य समुद्राचे किल्ले अवश्य पाहावेत, कारण नीट राखलेला दगड कसा दिसतो हे कळणे हितकारक आहे. परंतु तो दगड कोणत्या कारणासाठी रचला गेला हे समजण्यास वसईचा पडका तटच अधिक उपयोगी पडतो. पावसाळ्यात तेथे गवत कमरेइतके वाढते व पायऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून दसऱ्यानंतर यावे आणि सकाळच्या प्रहरी यावे. पाण्याची बाटली आणावी व रिकामी झाल्यावर घरी परत न्यावी. बुरुजावर आपले व आपल्या प्रियपात्राचे नाव कोरू नये. ते बुरूज संतांच्या नावे आधीच नोंदलेले आहेत. अर्नाळ्यास जाताना बूट घालू नयेत. आणि किल्लाबंदरात बोंबलांच्या मांडवापाशी छायाचित्रे काढावयाची असतील तर आधी कोळणीस विचारावे, व ती हो म्हणाली तर निदान अर्धा किलो विकत घ्यावेत.