सुटण्याची वेळ

आमचे भाऊजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कराडच्या स्टँडावर अजूनही कुणी "चिपळूण लागली का हो?" असं हवेत विचारलं, तर उत्तर भाऊजींकडूनच येतं. ते तिथे नुसते पेपर वाचायला बसलेले असतात. जगातल्या चालणाऱ्या गोष्टींचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार : वेळापत्रकातल्या आणि वडाप. लग्नं, पाऊस, डॉक्टरांचे दवाखाने, सरकारी समारंभ हे सगळं वडाप. भरलं की सुटतं. वेळापत्रकात बसणारं थोडंच. एसटी, सूर्योदय आणि पंढरीची एकादशी.

अशा माणसाला लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाला मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढून दिली. ताई हरखली. भाऊजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "सुटणार पाचला आणि माणसं घेणार बारापासून? पाच तास गाडी फलाटाला लावून ठेवायची? आम्हाला मेमो मिळाला असता."

रातराणीनं पहाटे मुंबई सेंट्रलला उतरले तेव्हा त्यांच्या खिशात घडी घातलेलं वेळापत्रक होतं. जहाजावर चढण्याआधी मुंबई बघून घ्यायची, तर कशी, ते त्यात लिहिलेलं. 'गेटवे : आ. 8.10, सु. 8.30.' असं खाली बॅलार्ड पिअरपर्यंत. कुलाब्याच्या बाजारापुढे कंसात 'विनंती थांबा' असं होतं. ही विनंती ताईची. ती मंजूर झाली होती, पण मिनिटं मात्र घातली नव्हती.

मुंबईचा रहिवासी म्हणून माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. गेटवेसमोर उभं राहून मी सुरुवात केली की राजा पाचवा जॉर्ज 1911च्या डिसेंबरात इथं उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान.

"त्याच कमानीतून आला?"

"नाही, तेव्हा कमान नव्हती. पायाचा दगड बसला 1913 साली. उद्घाटन झालं 4 डिसेंबर 1924ला."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "तेरा वर्षं लेट. कारवाई कुणावर झाली?"

मी म्हटलं, कारवाई कसली! आराखडा जॉर्ज विटेटचा, आणि पलीकडचं म्युझियम, बॅलार्ड इस्टेट हीसुद्धा त्याचीच कामं. त्यावर ते समजुतीनं हसले. "असंच असतं. जो लेट आणतो त्यालाच जादा फेरी मिळते."

मागं वळून ताजकडे बघितलं. ते 1903चं, म्हणजे कमानीच्या कितीतरी आधीचं, हे ऐकून त्यांना टाटांबद्दल एकदम आदर वाटू लागला. पण खरा आनंद पुढंच होता. इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी 28 फेब्रुवारी 1948ला याच कमानीखालून गेली, असं मी सहज बोलून गेलो. भाऊजी बोटांवर मोजू लागले. मार्च, एप्रिल, मे. "आणि 1 जून 1948ला आपली पहिली एसटी. पुणे-अहमदनगर." ते कमानीकडं असे बघू लागले की ती आता त्यांच्या खात्यात वर्ग झाली असावी. "ते गेले आणि तीन महिन्यांत आपण गाडी सोडली! हे इथं कुठं लिहिलेलं नाही?"

नव्हतं. त्यांनी तिथल्या एका फोटोवाल्याला ते समजावून सांगितलं. त्यानं फोटो काढू का विचारलं.

घारापुरीचा विचार त्यांनी आधीच बाद केला होता. जाण्यायेण्यात अख्खी दुपार गेली असती आणि मग गोवा राहिला असता. तरी एका लाँचवाल्याला त्यांनी सुटण्याची वेळ विचारलीच, निव्वळ व्यावसायिक कुतूहलानं. तो म्हणाला, "भरली की सोडतो, काका."

"वडाप!" भाऊजी ओरडले. "समुद्रात पण वडाप!" ताईनं त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. मांडव्याच्या बोटीला ठरलेली वेळ असते आणि पलीकडे अलिबागची जोडबस उभी असते, हे सांगितल्यावरच ते शांत झाले.

कुलाब्याच्या फुटपाथवर ताईनं कानातली बघायला घेतली आणि भाऊजींनी मनगट वर केलं. ती वळलीसुद्धा नाही. "माझी डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलायची नाही," म्हणाली. कंडक्टरची बेल होईपर्यंत गाडी हलत नाही, हा नियम भाऊजींनीच आयुष्यभर इतरांना शिकवलेला. ते मुकाट उभे राहिले. आमच्या घरात संसारशास्त्रावर कुणी पुस्तक लिहिलं तर ते ताईच लिहील.

मुंबईत त्यांना मनापासून आवडला तो राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, 1878 साली बांधून झाला, उंची 85 मीटर, हे सगळं त्यांनी एका कानानं ऐकलं. आई राजाबाईंना दिसत नसे आणि जैन असल्यानं जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून घंटा ऐकून त्यांना वेळ कळावी अशी सोय मुलानं केली, अशी कथा सांगतात. हे ऐकून मात्र भाऊजी गलबलले. "आईसाठी चौकशी खिडकी बांधली हो त्यानं," म्हणाले. मग टोल पडेपर्यंत आम्हाला ओव्हल मैदानाच्या कडेला उन्हात उभं केलं आणि टॉवर बरोबर चाललाय, असा निर्वाळा दिला.

सीएसएमटीला स्टीव्हन्सची कमाल, युनेस्कोचा 2004चा मान, दगडातले मोर-माकडं, सगळं मी घाईनं उरकलं, कारण ते बघत होते इंडिकेटर. देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853ला इथूनच, बोरीबंदरहून, दुपारी 3.35ला ठाण्याला सुटली, एवढ्यावर मात्र ते थांबले. "3.35? मूळ वेळ साडेतीनची असणार."

बॅलार्ड इस्टेटच्या रुंद, सावलीच्या रस्त्यांवर त्यांचा पाय जड झाला. ही सगळी जमीन समुद्रात भर घालून केलेली. शेजारची गोदी खणताना निघालेली माती-दगड इथं आले. धक्क्यालगत पूर्वी बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशनच होतं. विलायतेची बोट लागली की उतारू तिथूनच फ्रंटियर मेलमध्ये बसत, ते थेट पेशावरला. "बोटीला जोडून गाडी," भाऊजी पुटपुटले. आम्ही त्या वेळी जन्मायला हवं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

टर्मिनलवर बाहेरचं खाणं आत नेता येत नाही असं कळलं. तेव्हा ताईनं आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही दारातच संपवली. तोवर भाऊजींनी रांग ताब्यात घेतली होती. बॅगांना चिठ्ठ्या लावलेले डावीकडे, न लावलेले उजवीकडे. लोक त्यांना पासपोर्ट दाखवू लागले. "गोव्याला पासपोर्ट कशाला? आधार काढा," ते शांतपणे सांगत होते. गणवेशातली एक मुलगी त्यांच्याकडे साशंक नजरेनं बघत होती, पण रांग सरळ झाली होती. एक गृहस्थ धापा टाकत आले नि उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबतं का विचारू लागले. भाऊजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "हात दाखवा, गाडी थांबवा ही योजना एसटीची. इथं नाही."

सव्वापाचनंतर डेकवरून त्यांचा फोन आला. जेवण, खोली, समुद्र, कशाबद्दल काही नाही.

"सतरा मिनिटं लेट सुटली. विचारलं तर म्हणे, पायलट चढायचा होता. कॅप्टन असताना बंदरातनं बाहेर काढायला वेगळा माणूस! पण पद्धत चांगली आहे, सही घेतात म्हणे त्याची." मग आवाज एकदम बदलला. "आणि ऐक. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक मिळतं. वर्षभराचं, मिनिटासकट. इथल्या एका खलाशानं सांगितलं. आम्ही परत यायच्या आत एक प्रत घेऊन ठेव. आणि पुढच्या वर्षीचं कधी निघतं तेही विचार."