टँककाका

मोठ्या हाउसिंग सोसायटीत काही माणसं निवडून न येताच पदावर असतात. पार्किंगचे नियम तोंडपाठ असलेला एक, मीटरबॉक्सची चावी कायम खिशात असलेला एक, आणि कुणाच्या मुलीला किती पगार आहे हे तिच्या आईच्या आधी कळणारी एक मावशी. मुंबई-ठाण्याच्या टॉवरांमध्ये हल्ली या यादीत आणखी एक पद वाढलंय, टँककाका. हॉलमधल्या फिश टँकमधला मासा फिका पडला की यांना बोलावणं जातं.

टँककाका बहुधा निवृत्त असतात, बँकेतून नाहीतर एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी विभागातून. लहानपणी कुणीतरी त्यांना मरीन ड्राइव्हवरचं, १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलेलं असतं. तेव्हा काचेला लावलेलं नाक त्यांनी अजून काढलेलं नाही. रविवारी सकाळी ते कुर्ल्याच्या मासळीबाजारात दिसतात, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून जिवंत रंगीत मासे विकतात त्या. खायचे मासे घ्यायला ते वेगळ्या बाजारात, वेगळ्या पिशवीने आणि वेगळ्या मनाने जातात. नवखा माणूस हमखास विचारतो, "काका, मग तुम्हाला ताटात बांगडा चालतो?"

"चालतो. रंग गेलेला असेल तर घेत नाही."

त्यांना फोटो पाठवून उपयोग नसतो. रात्री अकराला कुणीतरी व्हॉट्सॅपवर धूसर फोटो टाकतं, "काका, हा असा का दिसतोय?" उत्तर येतं, "उद्या घरी येतो." कारण टँककाकांचा सिद्धांत पक्का आहे. मासा फिका का पडला ते माशाकडे बघून अर्धंच कळतं, उरलेलं अर्धं घराला विचारावं लागतं. दुसरा कुणी असल्या चौकशा करायला लागला तर आपण त्याला भोचक म्हणतो. यांच्या चौकशीला निदान म्हणावं लागतं, कारण ती बहुतेक वेळा बरोबर निघते. या माणसाची खरी गंमत इथेच आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावायची आपल्या सगळ्यांचीच हौस असते, पण तिला जीवशास्त्राचा आधार मिळालेला हा एकटाच.

आल्या आल्या ते यजमानाकडे बघतही नाहीत. गुडघ्यांचा आवाज करत टँकसमोर बसतात, डोळे पाण्याच्या पातळीला आणतात, झाकण उचलून वास घेतात आणि चहा आणायला निघालेल्या वहिनींना थांबवतात. "आधी सांगा, खायला कोण घालतं?"

"मीच," घरधनी म्हणतो. "सकाळी चिमूटभर."

"मीही घालतो की," आतून आजोबा. "प्राणायाम झाल्यावर."

मग कळतं, की शाळेतून आल्यावर मुलगा घालतो. दुपारी कामाला येणाऱ्या ताई घालतात, कारण मासे त्यांच्याकडे आशेने बघतात. रात्री उशिरा आलेला मोठा मुलगा घालतो, कारण आपल्यावाचून बिचारे उपाशी राहिले असणार याची त्याला खात्री असते. आजी काहीच कबूल करत नाहीत. काका नळीने खडी उकरतात तेव्हा तळातून पोळीचा तुकडा वर येतो आणि घरातले सगळे आजींकडे बघतात.

न खाल्लेलं तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया होतो, तो कल्ल्यांना जाळतो आणि त्रासलेला मासा आधी रंग आवरून घेतो. काका हे सगळं शांतपणे सांगतात. दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. घालणारा माणूस एकच. आणि आठवड्यातून एक दिवस काही नाही. उपास म्हटल्यावर आजींचा चेहरा उजळतो.

"संकष्टीला चालेल?"

"संकष्टी महिन्यातून एकदा येते, आजी. आपण यांना गुरुवार धरू."

मग खाद्याच्या डब्याची तपासणी. डबा टँकच्या झाकणावर, दिव्याच्या उबेला ठेवलेला असतो. ऑफरमध्ये घेतलेला, मोठा, कधी उघडला ते कुणालाच आठवत नाही. इथे काकांचा आवाज जरा चढतो. माशाला लाल, केशरी, पिवळा हे रंग स्वतःच्या अंगात मुळापासून तयार करता येत नाहीत. ते खाण्यातूनच यावे लागतात, कोळंबीसारख्या कवचवाल्या जिवांतून, शेवाळातून, स्पिरुलिनातून. त्यातली कॅरोटिनॉइड्स हवा, ऊब आणि उजेड लागून नासतात. म्हणून डबा छोटा घ्यायचा, एक-दोन महिन्यांत संपणारा, आणि अंधाऱ्या कपाटात ठेवायचा. "तुमचा गोल्डफिश वर्षभर नुसता भुसा खातोय," ते म्हणतात. घरधनी डब्यावरची किंमत आठवून गप्प बसतो.

सगळ्यात मोठे गुन्हे मात्र स्वच्छतेच्या नावाखाली घडतात. घरातला कर्तबगार पुरुष रविवारी टँक साफ करायला घेतो. मासे बादलीत, पाणी सगळं मोरीत, खडी घासून पांढरीशुभ्र, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून भांड्यांच्या साबणाने लख्ख. मग नळाचं ताजं पाणी. संध्याकाळी टँक शोरूममध्ये ठेवावा असा चकाकतो आणि बुधवारपर्यंत मासे कागदासारखे होतात.

"पण काका, पाणी तर बघा ना किती क्लिअर आहे!"

"अमोनियाला रंग नसतो."

हे वाक्य ते वर्षातून अनेकदा म्हणतात आणि दर वेळी तितक्याच समाधानाने. त्या मळकट स्पंजात जे जिवाणू राहतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना बरंच सोसतं. त्यांची वस्ती नव्या टँकमध्ये बसायला महिना-दीड महिना लागतो. साबणाने आणि पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती एका रविवारात उठते. म्हणून आठवड्याला फक्त पाव टँक पाणी बदलायचं, तेही क्लोरीन मारणारे थेंब घालून. स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्याच पाण्यात, दोनदा पिळून सोडून द्यायचा. कर्तबगार पुरुषाला हे पटत नाही. इतक्या कमी मेहनतीत चांगलं काही होतं यावर त्याचा विश्वास नसतो.

त्यामुळे काका गेले की तो दुकानात जातो. दुकानदार निळं औषध देतो. दुकानदार कशालाही निळं औषध देतो. चार दिवसांनी काका पुन्हा येतात. तोवर निळं पाणी बदलून झालेलं असतं, सगळे निरागस चेहऱ्याने उभे असतात. काका टँकच्या कोपऱ्यात बोट ठेवतात. काचा जोडणारं सिलिकॉन आकाशी झालेलं असतं आणि ते आता कशानेही पांढरं होणार नसतं. अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, मिटलेले पर असं काही दिसत असेल तर औषध, तेही वेगळ्या टाकीत, हे काकांनी मागच्या वेळीच सांगितलेलं असतं. नुसत्या फिकेपणावर औषध घातलं की स्पंजातले उरलेसुरले जिवाणूही जातात.

आमच्या सी विंगमध्ये एका घराचं इंटिरिअर पांढरं आहे. सोफा पांढरा, फरशी पांढरी, देव्हारासुद्धा पांढरा. टँकमध्ये पांढरी वाळू, मागे पांढरी काच, वर डोळे दिपवणारा दिवा. त्यात सोडलेले काळे-लाल मासे महिन्याभरात दुधी झाले. काकांनी फार वेळ घेतला नाही. मासा खालचा तळ बघून त्वचेतल्या रंगपेशींमधले कण पसरतो किंवा गोळा करतो. फिक्या तळावर गडद दिसणारा मासा बगळ्याला आधी सापडतो, ही सवय लाखो वर्षांची आहे. टँकवर बगळा नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. "तुमचा मासा इंटिरिअरला मॅच झालाय," काका म्हणाले. काळी खडी, मागे काळा कागद, थोडी झाडं, मंद दिवा. वहिनींनी डिझायनरला फोन लावला. डिझायनर म्हणाला, मासेच बदला.

दिव्यावरून तर काका घरोघरी भांडणं लावून येतात. आठ ते दहा तास उजेड पुरे, रात्री पूर्ण अंधार, हा नियम. "पण हा दिवा रात्री दोनपर्यंत चालू असतो," ते सगळ्यांसमोर जाहीर करतात, आणि दहावीचा मुलगा रात्री नक्की काय करत असतो हा विषय निघतो. याच्या उलटही होतं. एका पहाटे साडेपाचला त्यांना फोन आला, की निऑन टेट्रांचं निळं एकाएकी गेलं, मरणार बहुतेक. काका झोपेतच विचारते झाले, "आत्ताच दिवा लावलात ना?" निऑनची ती निळी रेघ म्हणजे रंगद्रव्य नाहीच. त्वचेतल्या ग्वानिनच्या स्फटिकांवरून उजेड परततो तो निळा दिसतो. अंधारात मासा ती रेघ मालवतो, उजाडलं की पेटवतो. "तासभर थांबा," ते म्हणाले. "पहाटे साडेपाचला तुम्हीही काही फार रंगीत दिसत नसाल."

एकाच बाबतीत टँककाका विनोद करत नाहीत. मुलांना गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे ग्लास फिश फार आवडतात. एका छोट्याच्या टँकमधले असे मासे दोन-तीन महिन्यांत पांढुरके झाले आणि तो रडत होता. काका त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. हा रंग माशाचा नाहीच, सुईने टोचून भरलेला आहे, म्हणून तो जातो आणि तो जाऊ दे, हे त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. मासा मूळचा आपल्याकडच्याच नद्या-तळ्यांतला आणि मुळात पारदर्शक. मग टॉर्च मागून धरून त्यांनी त्याला माशाच्या पाठीचा कणा दाखवला. मुलगा काटे मोजत बसला. काका तिथून थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि तिथे जे बोलले ते छापण्याजोगं नाही.

वरच्या मजल्यावर एक फ्लॉवरहॉर्न आहे. मलेशियात १९९० च्या दशकात संकर करून काढलेला, कपाळावर टेंगूळ असलेला, भाग्याचा मानला जाणारा हा मासा वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून ईशान्य कोपऱ्यात ठेवला होता. ईशान्य कोपऱ्यात होम थिएटरचा वूफरही होता. मासा राखाडी झाला तेव्हा मालक गहिवरून म्हणाले, "आमच्यावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं."

"घेतलंय खरं," काका म्हणाले. "संकट म्हणजे तुमचा वूफर." शिवाय मासा तरुण होता, आणि बरेच फ्लॉवरहॉर्न त्या वयात एकदा काळपट होऊन मगच लाल होतात. वूफर हलवला, काही महिन्यांनी मासा लालबुंद झाला. पेढे वास्तुतज्ज्ञाला गेले.

म्हातारा गोल्डफिश पांढरा होतो त्यावर मात्र काही करायचं नसतं, आणि काळा मूर वयाबरोबर सोनेरी झाला तर तेही चालायचंच. पाणी तपासायचं, खाणं बघायचं, आणि सगळं ठीक असेल तर गप्प बसायचं. पण 'काही करू नका' हे ऐकायला टँककाकांना कुणी बोलावलेलं नसतं. त्यांच्या लोकप्रियतेला ओहोटी लागते ती इथे.

त्यांच्या स्वतःच्या घरी जाऊन बघावं तर टँक गढूळ वाटतो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळाशी लाकडाचा ओंडका आणि कुजकी पानं. ही पानं रस्त्यावरच्या जंगली बदामाची. काका सकाळी फिरायला जातात ते खाली मान घालून, वाळलेली पानं वेचत. रस्ता झाडणाऱ्या बाईंना वाटतं पालिकेने नवा माणूस नेमलाय. पानांतला टॅनिन पाणी तपकिरी आणि किंचित आम्ल करतो, आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या टेट्रांना माहेरी आल्यासारखं होतं. त्या चहात त्यांचा लाल-निळा रंग असा पेटतो की बघत राहावं. पाहुणे मात्र "काका, पाणी बदलायला झालंय हं" म्हणून जातात.

गेल्या सर्वसाधारण सभेत खालच्या लॉबीत मोठं मत्स्यालय ठेवायचा ठराव आला. काकांनी उभं राहून अटी वाचल्या. खाणं एकाच माणसाने घालायचं, दर आठवड्याला पाव पाणी, काचेवर टकटक नाही, बाकी कुणी कशालाही हात लावायचा नाही.

"मग समितीने काय करायचं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तेच. काही नाही."

ठराव एकमताने फेटाळला गेला. त्याऐवजी तीन कोटेशनं मागवून लॉबीत एलईडी स्क्रीन बसवला. त्यावर प्रवाळातले मासे दिवसरात्र पोहतात. खाणं नाही, पाणी नाही, मरणं नाही. रंग असे, की बघायला शेजारच्या सोसायटीचे लोक आले.

पावसाळ्यानंतर त्या स्क्रीनमधला लाल रंग गेला आणि नारिंगी मासे हिरवट दिसू लागले. सेक्रेटरींनी सवयीने टँककाकांना फोन केला. काका लिफ्टने खाली आले, स्क्रीनसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले.

"रात्री बंद करता का?"

"नाही, चोवीस तास चालू."

"वाटलंच," टँककाका म्हणाले आणि बाजूच्या दुकानातलं निळं औषध कुणी फासलं नाही ना, हे बघायला स्क्रीनच्या मागे वाकले.